फक्कीचा कीबोर्ड

आमच्या शाळेत भोईर सर कुठे कुठे जाऊन आले हे कुणाला विचारावं लागत नसे. मस्टरवर पांढरा अंगठा, माठाच्या झाकणावर पांढरी चार बोटं, स्टाफरूमच्या दारावर पांढरा पंजा. कबड्डीचं मैदान आखायची फक्की, म्हणजे ती चुन्यासारखी पांढरी भुकटी, सरांच्या हातांना, खिशांना आणि बुटांना कायमची चिकटलेली होती. बूट तर ते फक्कीनेच पांढरे करत. एका संक्रांतीला त्यांनी मला मोठ्या प्रेमाने तिळगूळ दिला. तोही मी आधी झटकला आणि मग खाल्ला.

आमची शाळा कर्जतहून चौककडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडी आत आहे. मी दहिवलीहून टमटमने जायची. सर मात्र जवळच्याच गावातले, घरची भातशेती सांभाळून सायकलवर यायचे. ते पीटीचे आणि मी मराठीची. बुटका, रुंद माणूस, मान असलीच तर कॉलरच्या आत. तरुणपणी खालापूर तालुक्यातल्या गावोगावच्या सामन्यांत त्यांनी संघाचा डावा कोपरा सांभाळला होता. कबड्डीत कोपऱ्यावरचा गडी चढाईला आलेल्याचा पाय धरतो आणि बाकीचे येऊन झडप घालेपर्यंत सोडत नाही. सरांचं खेळणं कधीच संपलं होतं, पण धरलेलं सोडायचं नाही ही सवय गेली नव्हती. पोस्टातला माणूस त्यांना लांबून पाहिलं तरी खिडकी लावून घ्यायचा.

स्टाफरूममध्ये त्यांना बसलेलं कुणी पाहिलं नाही. खुर्ची होती, नावाची पट्टीही होती, पण त्या खुर्चीवर वर्षानुवर्षं आम्ही वह्यांचे गठ्ठे ठेवत आलो. सर खिडकीशी उभं राहून, कधी या पायावर तर कधी त्या पायावर, तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खायचे. मी "बसा की हो सर, बघूनच माझे पाय दुखायला लागले" म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे.

"बसून कुनाला काय आलंय, बाई? अंग शिकलं का डोकं मागनं येतं."

हे त्यांचं ब्रीदवाक्य. पाढे येत नसलेल्या पोराला ते उड्या मारत पाढे म्हणायला लावत. सातला अडला की सातव्या उडीशी थांबवत. मी हसायची, पण त्या पोराला पाढे यायचे.

त्या वर्षी जूनमध्ये वेळापत्रकाची मीटिंग होती. आमचे हेडसर साताऱ्याकडचे, सज्जन, पण वरून आलेल्या पत्राला फार भिणारे. त्यांनी चष्मा पुसला आणि जाहीर केलं, "नववीला आठवड्याला दोन तास संगणक सुरू करायचाय. वरून पत्र आलंय. तास कुठून काढायचे बोला."

सगळ्यांनी भोईर सरांकडे पाहिलं. शाळेत नवीन काहीही आलं की त्याला जागा पीटीच्या तासातच सापडते. वृक्षदिंडी पीटीच्या तासाला, लसीकरण पीटीच्या तासाला आणि मागे राहिलेलं गणित तर दर आठवड्याला पीटीच्याच तासाला.

"माजेच तास का?" सरांनी विचारलं.

"कारण त्यात अभ्यास बुडत नाही," हेडसर म्हणाले. त्यांना टोचून बोलायचं नव्हतं. खरं वाटत होतं तेच ते बोलले.

सरांचा चेहरा एवढासा झाला. मला फार वाईट वाटलं. नववीचे तेच दोन तास त्यांच्याकडे उरले होते. बाकीचे एकेक करून गेलेच होते, आणि हे दोन गेले तर पीटी नावाची गोष्ट प्रजासत्ताक दिनाच्या संचलनापुरती राहणार होती.

"मंग संगनक मीच शिकवतो," सर एकदम म्हणाले. "माज्याच तासाला. मैदानावर."

सगळे हसले. मीही हसले. हेडसरांनी विषय संपवण्यासाठी म्हटलं, "ठीक आहे. जानेवारीत बाहेरचे तपासनीस चाचणी घ्यायला येणार आहेत. नववी पास झाली तर तास तुमचे, मी कधी मागणार नाही. नापास झाली तर दोन्ही तास कायमचे संगणकाला. मग कुरकुर चालणार नाही."

"कबूल," सर म्हणाले. त्यांनी उभ्या आयुष्यात संगणकाला बोट लावलं नव्हतं.

बोट लावलेली तशी मीच एकटी होते. कधीकाळी उन्हाळ्याच्या सुट्टीत एक कोर्स केला होता, एवढ्या भांडवलावर हेडसरांनी मला संगणक विभागाची प्रमुख केलं होतं. विभागात मी आणि एक संगणक. तोही हेडसरांच्या केबिनमध्ये, त्यांच्या सौभाग्यवतींनी क्रोशाने विणलेल्या झाकणाखाली. पगारबिलाच्या दिवशी तेवढं त्याचं मुखदर्शन व्हायचं.

दुसऱ्याच दिवशी डब्याच्या सुट्टीत सर माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "बाई, त्या मशीनमदी नक्की करायचं काय आसतं?"

मी सांगितलं. परीक्षेला एक टाईप केलेली नोटीस देतात. ती नीट मांडायची. मथळा ठळक करायचा, मधोमध घ्यायचा, खाली रेघ मारायची, सही उजवीकडे न्यायची. माउसने असं करतात, असं म्हणून मी हाताने माउस फिरवून दाखवला.

"हातात धरून फिरवायची वस्तू माज्या कामाची नाय. एक चेंडू आन पन्नास पोरं, नुसती भांडनं. बटनं सांगा मला. बटनांनी होतंय का?"

होतं तर. मी फळ्यावर लिहून दिलं. कंट्रोल दाबून धरायचं आणि बी दाबलं की अक्षर ठळक. आय दाबलं की तिरकं. यू दाबलं की खाली रेघ. एल म्हणजे ओळ डावीकडे, आर म्हणजे उजवीकडे, ई म्हणजे मधोमध. जे दाबलं की ओळ दोन्ही कडांपर्यंत ताणून बसते. आणि झेड म्हणजे केलेलं परत.

सर एका पायावर उभे राहून ऐकत होते. डावं-उजवं आल्यावर दुसरा पायही खाली टेकला.

"लेफ्ट, राइट, मदी?" त्यांचे डोळे चमकले. "आवो बाई, ही तर कवायत हाय! आमच्याकडनंच उचललंय समदं."

हा शोध त्यांनी पुढे कधीच सोडला नाही. संगणक बनवणाऱ्यांत एकतरी पीटीचा मास्तर असणार, हे ते छातीठोकपणे सांगत. पुरावा विचारला तर म्हणत, "आवो, दिसतंय की!"

मग एके सकाळी हेडसरांचा आवाज केबिनबाहेर आला. "माझ्या संगणकाला चुना कोणी लावला?"

आम्ही धावत गेलो. क्रोशाचं झाकण बाजूला होतं. काळ्याभोर कीबोर्डवर मोजकीच बटणं पांढरी झाली होती. बी, आय, यू, एल, आर, ई, जे, झेड. डाव्या कोपऱ्यातलं कंट्रोल तर वाचताच येत नव्हतं. आत्तापर्यंत कुठल्याही चोराने स्वतःचा अभ्यासक्रम इतका स्वच्छ मागे ठेवला नसेल. मी गाल आतून चावत उभी राहिले. सर माझ्या मागे उभे होते आणि छताकडे बघत होते. हेडसरांनी दुसऱ्या दिवशी संगणकाशेजारी एक ओला रुमाल ठेवला. मला हेडसर त्या रुमालापासून आवडायला लागले.

ही चोरटी तालीम चालू असतानाच एक दिवस सर घामाघूम होऊन माझ्या वर्गाच्या दारात आले. चालू तासात. "बाई, जरा या. हेडसरांचा अहवाल मेला."

खरंच मेला होता. शाळेचा वार्षिक अहवाल पडद्यावर नव्हता. त्याच्या जागी नुसतं एक 'बी' हे अक्षर, एकटं, डावीकडे वरती. झालं होतं असं, की सरांनी सगळा मजकूर निवडला, कंट्रोल धरलं, पण बी दाबण्याआधी कंट्रोलवरचं बोट सुटलं. कंट्रोल नसेल तर बी म्हणजे नुसतं एक अक्षर, आणि निवडलेल्या सगळ्या मजकुराच्या जागी ते एकटं जाऊन बसतं. मी कंट्रोल धरून झेड दाबलं. अहवाल जिथल्या तिथे परत आला.

"जिवंत!" सर ओरडले. "समदे जिवंत झाले!"

कबड्डीत बाद झालेला गडी पुन्हा आत येतो त्याला जिवंत होणं म्हणतात. सरांनी पडद्यावर बोट टेकवलं. मग म्हणाले, "बाई, ह्यो कोपऱ्याचाच खेळ हाय. कंट्रोल म्हंजे कोपरा. त्यानं धरून ठेवायचं, दुसऱ्यानं यून झडप घालायची. कोपऱ्यानं आदी सोडलं का आख्खा संघ बाद." त्या दिवशी घरी जाताना ते सायकल हातात धरून चालत गेले. फार आनंद झाला की सर सायकलवर बसत नसत.

पावसाळाभर त्यांनी वऱ्हांड्यात खडूने भागवलं. दिवाळी झाली, मैदान वाळलं, शेतातलं भात घरी आलं आणि सरांनी फक्कीचं पोतं बाहेर काढलं. सकाळी आम्ही आलो तर कबड्डीच्या मैदानाला लागून भलाथोरला कीबोर्ड आखलेला. एकेका चौकोनात एकेक पोर आरामात उभं राहील एवढी बटणं. खालच्या डाव्या कोपऱ्यात कंट्रोल. सगळ्यात वरची एफची रांग मात्र नव्हती. विचारलं तर म्हणाले, "फक्की संपली. आन ती रांग तशी बी पाव्हण्यांची." स्पेसबारचा लांबलचक चौकोन त्यांनी ताप आलेल्या, गुडघा फुटलेल्या पोरांना बसायला दिला होता.

अर्धी नववी कीबोर्ड आणि अर्धी नववी मजकूर, अशी वाटणी होती. मजकुरातल्या प्रत्येकाच्या गळ्यात पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर एक शब्द. 'सर्व ग्रामस्थांस कळविण्यात येते की' अशी ती नोटीस सुरू व्हायची. 'ग्रामस्थांस' होण्यासाठी मारामाऱ्या होत. ज्याच्या वाट्याला 'की' यायचा तो रुसून बसायचा. खेळ असा होता. कॅप्टन आधी शब्द निवडणार, म्हणजे पाठीवर थाप मारत जाणार. थाप बसलेल्यांनी दोन्ही हात वर करायचे. मग कंट्रोलचा गडी आपल्या चौकोनात पाय रोवणार आणि तो उभा असेपर्यंत दुसऱ्याने धावत जाऊन हव्या त्या बटणावर उडी घ्यायची. बीवर उडी पडली की निवडलेल्यांनी छाती फुगवून कमरेवर हात ठेवायचे. आयला उजवीकडे कलायचं. यूला पायाच्या अंगठ्याने पुढ्यात मातीत रेघ ओढायची. जेला दोन्ही टोकांच्या पोरांनी पळत जाऊन समास म्हणून लावलेल्या कडेच्या दोऱ्या धरायच्या आणि मधल्यांनी सारखं अंतर सोडून पसरायचं. परिच्छेदाची शेवटची ओळ मात्र जे दाबूनही पसरत नाही. ही गोष्ट सरांना अजिबात पटली नव्हती.

"ती का नाय पसरत? तिला काय येगळा नियम?"

"सर, दमली आसंल ती," मजकुरातून कुणीतरी म्हणालं. सरांना ते पटलं. पुढे शेवटच्या ओळीतल्या पोरांना त्यांनी उभ्या-उभ्या आराम दिला.

कंट्रोल होती सुगंधा. भरल्या अंगाची, कमी बोलणारी मुलगी. वर्गात ती कुणाच्या नजरेत भरत नसे, पण एकदा पाय रोवला की दोघांनी ढकलूनही हलत नसे. सरांनी तिला पहिल्याच दिवशी हेरलं. तिचा पाय चुकून उठलाच तर निवडलेल्या सगळ्या शब्दांनी धावत मैदानाबाहेर जायचं आणि 'बी'वरच्या पोराने एकट्याने ओळीच्या जागी जाऊन उभं राहायचं, हा नियम होता. मग सगळे बाहेरून ओरडत, "झेड! झेड!" आणि झेड झाला की आरडाओरडा करत सगळे जिवंत होऊन परत. खरं सांगायचं तर पोरांना हाच भाग इतका आवडायचा, की ती सुगंधाला गुदगुल्या करून मुद्दाम पाय उचलायला लावत. मी हे सगळं वऱ्हांड्याच्या पायरीवरून बघायची. पायरीखाली मी उतरत नसे. मैदानात गेलं की साडीचा काठ पांढरा होतो आणि तो दोन धुण्यांत जात नाही.

"या की बाई, तुमी पन एक बटन व्हा," सर हाक मारत.

"मी इथूनच बरी," मी म्हणे.

जानेवारी आला. चाचणीच्या जरासंच आधी रसायनीच्या एका कंपनीने तिच्या ऑफिसातले जुने संगणक शाळेला दिले. ते चित्रकलेच्या खोलीत मांडले. पोरं पहिल्यांदा खऱ्या कीबोर्डला बसली आणि मला हसू आवरेना. कंट्रोल दाबताना सुगंधा खाली डावा पाय फरशीवर आपटायची. आय दाबला की रांगच्या रांग उजवीकडे कलायची. पण बोटं अचूक पडत होती. एवढंसं बटण शोधायला त्यांना वेळच लागत नव्हता. आपण जिथे उभे राहिलोय ती जागा कोण विसरतो?

तपासनीस आले ते इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र आणि मुद्रा अशी, की आपल्यालाच काहीतरी चुकल्यासारखं वाटावं. त्यांनी हजेरीपटावरून स्वतःच मुलं निवडली. निवडलेल्यांत सुगंधाही होती. प्रत्येक मशीनवर एक नोटीस टाईप करून ठेवलेली. "मांडणी करा. छापील कागदावर मार्क मिळतील," एवढंच ते बोलले. पोरांनी हात लावला आणि त्यांचा चहा यायच्या आत काम उरकलं. मथळे मधोमध, ठळक, खाली रेघ. सह्या उजवीकडे. तपासनीस कपबशी घेऊन मागून फिरले. त्यांची भुवई वर गेली. सर दारात उभे होते, दोन्ही पायांवर. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात पंखा थांबला. पडदे काळे झाले.

"लाइट गेली," कुणीतरी उगाचच सांगितलं. शुक्रवारी आमच्याकडे लाइट जाते आणि दिवेलागणीलाच येते, हे तपासनीसांना माहीत नव्हतं. आम्हाला माहीत होतं आणि गडबडीत कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"असू दे," तपासनीस म्हणाले. "सेव्ह केलं असेल तर आल्यावर मिळेल. सेव्ह केलंय ना सगळ्यांनी? कंट्रोल एस?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सगळ्यांनी सरांकडे. मी सरांकडे. फळ्यावर मी एस लिहिलाही होता की नव्हता, मला आठवेना. मैदानावर त्या एसवर आजवर एकही उडी पडलेली नव्हती.

हेडसरांनी हळूच चष्मा काढला. "मग भोईर, ठरल्याप्रमाणे..."

सर पुढे आले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. "साहेब, पोरांची चूक नाय. त्यो डाव मीच शिकवला नाय. मैदानावर सेव कशाला लागंल? घंटा झाली का पोरं घरी. रेघा वाऱ्यानं जातात. दुसऱ्या दिवशी परत आखतो." मग त्यांनी एक मोठा श्वास घेतला, आणि त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "पन लाइट तुमच्या मशीनची गेलीय. माज्या कीबोर्डाला लाइट लागत नाय. चला भायेर."

तपासनीस का आले, मला आजही सांगता येणार नाही. कदाचित लाइट नसलेल्या खोलीत बसून करायचं काय, म्हणून आले असतील.

मैदानावर नववी उभी राहिली. तपासनीस पहिल्यांदा कडेला, हाताची घडी घालून. त्यांनी एकेक हुकूम द्यायला सुरुवात केली. मथळा निवडा, मधोमध. दुसरी ओळ तिरकी. परत करा. सही उजवीकडे. पोरं धूळ उडवत पळत होती. तपासनीसांची घडी सुटली. मग ते पुढे पुढे सरकत कधी कीबोर्डात शिरले त्यांचं त्यांनाच कळलं नसावं. "थांब बाळ, हे मी करतो," म्हणत त्यांनी सुगंधाला बाजूला केलं आणि स्वतः कंट्रोलवर उभे राहिले. पूर्ण परिच्छेद निवडलेला होता. सगळे हात वर. एक मुलगा बीकडे धावला. तो उडी मारणार एवढ्यात साहेबांच्या बुटावर धूळ बसलेली त्यांना दिसली आणि ती झटकायला त्यांनी पाय उचलला.

क्षणात सगळा परिच्छेद ओरडत मैदानाबाहेर पळाला. 'की' सुद्धा. बीवरचा मुलगा गंभीर चेहऱ्याने चालत गेला आणि मोकळ्या मैदानात एकटाच उभा राहिला.

"हे काय?" तपासनीसांनी विचारलं.

"तुमी आदी सोडलंत," सुगंधा म्हणाली. ती कुणाला घाबरून बोलणारी नव्हती, कारण एरवी ती बोलतच नसे. "कंट्रोल सुटला का बी नुसतं अक्षर. आख्खा संघ बाद. आता झेड घ्या."

साहेबांनी त्या एकट्या 'बी'कडे पाहिलं. मग त्यांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोट धरून. "अगं, माझा अख्खा रिपोर्ट गेला होता असाच!" ते म्हणाले. "दिवसभर कळेना काय झालं!" मग त्यांनी पाय घट्ट रोवला, झेडवर उडी पडली आणि पोरं किंचाळत जिवंत झाली. हेडसर टाळ्या वाजवत होते. त्यांना वाजवताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

नववी पास झाली. शेऱ्यात एकच ओळ होती: सेव्ह करणे शिकवावे. पीटीचे दोन्ही तास सरांकडे राहिले, आणि हेडसरांनी शब्द पाळला, पुन्हा कधी मागितले नाहीत.

सरांनी तो शेरा मनाला लावून घेतला. पुढच्याच तासापासून नवीन डाव सुरू झाला. तास संपताना एकाने कंट्रोल धरायचं, एकाने एसवर उभं राहायचं, आणि एसवरच्याने एका दमात कबड्डी कबड्डी म्हणायचं. त्याचा दम चालेल तोवर बाकी सगळ्यांनी जिथे असतील तिथे थांबायचं. हलायचं नाही, हसायचं नाही. दम संपला की मगच घरी. तापलेलं मैदान, पन्नास पोरं निश्चल, आणि एकच बारीक आवाज चाललेला. मी तपासायच्या वह्या मांडीवर ठेवून पायरीवर बसलेली असायची आणि माझाही पेन थांबायचा.

त्यानंतर सरांचं बोलणंच बदललं. हेडसरांचं भाषण लांबलं की शेजारी कुजबुजायचे, "जरा फॉन्ट बारीक करा म्हनावं." दहिवलीच्या एका लग्नात नवरदेवाकडची सगळी माणसं पंख्याखाली एका बाजूला दाटलेली बघून त्यांनी मांडवात आवाज दिला, "जे दाबा रं कुनीतरी!" आणि आमच्या शाळेत शिकलेली चार-सहा माणसं खरोखर उठून पसरून बसली. सुगंधा आता चौकला टायपिंगचं दुकान चालवते. मी गेले की बघते. कंट्रोल दाबताना तिचा डावा पाय अजून फरशीवर आपटतो.

गेल्या वर्षी सर निवृत्त झाले. समारंभ झाला. शाल, श्रीफळ, त्यांच्यासाठी आणलेली मखमली खुर्ची, आणि त्या खुर्चीशेजारी पूर्ण वेळ उभे असलेले सर. भाषणं झाली, जिलेबी झाली. मग सर दिसेनात. मी वऱ्हांड्यात आले. नवा पांढरा शर्ट, खांद्यावर शाल तशीच, आणि सर वाकून फक्कीने कीबोर्डच्या रेघा आखत होते. आता शाळेत इन्व्हर्टर आहे, संगणकाची वेगळी खोली आहे, तरी नववीचा पहिला धडा अजून मैदानावरच होतो.

"आता कशाला हो?" मी पायरीवरून विचारलं.

"उद्या तास हाय ना नववीचा," ते म्हणाले. शेवटची रेघ संपवून त्यांनी हात शर्टालाच पुसले. नव्या शर्टावर दोन पांढरे पंजे उमटले. ते मैदानाकडे बघत उभे राहिले. पलीकडे आठवीची पोरं खेळत होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बाई, कंट्रोल धरा जरा."

त्या दिवशी समारंभासाठी मी कपाटातली सगळ्यात चांगली साडी नेसले होते. चप्पल पायरीवर काढली आणि खाली उतरले. माती ऊन होती. कोपऱ्यातल्या चौकोनात उभी राहिले आणि पाय रोवला.

"सोडू नका हां. आदी सोडलं का गडी गेला."

"नाही सोडत," मी म्हटलं. पदर कमरेला खोचला.

सर चालत गेले आणि एसवर उभे राहिले. शाल नीट केली. मैदानाकडे तोंड करून श्वास भरून घेतला आणि हळू आवाजात सुरुवात केली. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. पलीकडची पोरं होती तिथे थांबली. घंटा झाली तरी कुणी हललं नाही. माझ्या साडीचा काठ पांढरा होत होता आणि सरांचा दम अजून चालूच होता.